खुलासा: बहरीनच्या व्हिसावर सौदीत जाता येत नाही

‘बहरीनचा व्हिसा काढा, पुलावरून गाडीने सौदीही फिरून या’ असा मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. हे चूक आहे. बहरीन आणि सौदीला जोडणारा हा समुद्रावरचा पूल, म्हणजे किंग फहद कॉजवे, सुमारे 25 किलोमीटरचा, 1986 पासून सुरू आहे; पण मध्येच भर टाकून केलेल्या बेटावर सीमा तपासणी होते. गाडीच्या खिडकीतूनच पासपोर्ट द्यायचा, आणि त्यावर सौदीचा स्वतंत्र व्हिसा लागतो. नसेल तर तिथूनच माघारी. शिवाय बहरीनचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर सौदीतून परत येणंही अडतं. मुलांकडे निघालेल्या आईवडिलांनी हे तिकिटं काढण्याआधीच बघावं, कळकळीने सांगतोय.

आणि बहरीनच्या विमानतळावर उतरल्यावर ‘टॅक्सीशिवाय इलाज नाही’ असं म्हणतात, हेही खरं नाही. मुहर्रकच्या विमानतळावरून राजधानी मनामाला लाल सार्वजनिक बस जाते, तीही काही शे फिल्समध्ये. बहरीनचा एक दिनार म्हणजे 1000 फिल्स.