आनुवंशिक म्हणजे अटळ नव्हे
‘कोड (त्वचेवरचे पांढरे डाग) आनुवंशिक आहे’ एवढंच एखाद्या लेखात वाचून उद्या कुणाचं तरी ठरलेलं लग्न मोडेल, म्हणून लिहितेय. सगळी जनुकं सारखी असलेल्या जुळ्यांतही एकाला कोड असताना दुसऱ्याला असण्याचं प्रमाण २३ टक्क्यांच्या आसपासच आढळलं होतं. म्हणजे जनुकांपलीकडचंही काही कारणीभूत असतं. आणि कुष्ठरोगाशी तर कोडाचा काडीचा संबंध नाही!

२००७ साली कोलोरॅडो विद्यापीठाच्या रिचर्ड स्प्रिट्झ यांच्या गटाने एनएलआरपी१ हे जनुक कोडाशी जोडलेलं दाखवलं, तेही कोडाबरोबर थायरॉइडसारखे स्वयंप्रतिकार आजार (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते ते) असलेल्या कुटुंबांत. आमच्याकडे आत्याला कोड, आजीला थायरॉइड. हे एकाच मुळाचं असू शकतं, हे कुणी सांगितलंच नाही. घरात कोड असेल तर टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासायचं का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.