फक्त जोडायची राहिली

कामठी रोडच्या बाजूला एखाद्या टिनाच्या शेडमध्ये, मोडक्या कूलरमागे, ताडपत्रीखाली एक फियाट असते. म्हणजे फियाटचं कवच विटांवर असतं आणि उरलेली फियाट सहा पोती, दोन ट्रंका आणि एका तेलाच्या पिंपात असते. मालक सांगतो, "सप्पा सामान आहे भाऊ, फक्त जोडाची राहिली." सौदा इथेच झाला असं समजा. या वाक्यातल्या 'फक्त'ची किंमत काढत बसू नका. ती गाडीहून जास्त निघते आणि हातचा योग जातो.

पाहायला मे महिन्यात जा, दुपारी एकला. पारा पंचेचाळिशीत आणि डोक्यावर टिन, अशा वेळी कुठलाही शहाणा माणूस दुसरं पोतं उघडत नाही. तोवर आतून पन्हं येतं. ते वाळ्याच्या ताटीमागे बसून प्या आणि किंमत तिथूनच ठरवा. तिथून गाडी अगदी पूर्ण दिसते. काही संशयी लोक डिसेंबरात सकाळी येतात, अंगणात चादर अंथरतात, पार्ट्स-बुकाची झेरॉक्स घेऊन इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, काचा, पट्ट्या असे ढीग लावतात. तीन तास घालवून त्यांना कळतं काय, तर दाराची हँडलं डावीकडची तीन आहेत आणि उजवीकडचं एकही नाही. हेडलाइटच्या रिंगा चार, त्यातल्या दोन अँबेसेडरच्या. ज्याला गाडी घ्यायचीच आहे त्याने असल्या माहितीने मन का खट्टू करावं?

मॉडेलच्या फंदातही पडू नका. मालक प्रत्येक जुन्या फियाटला 'डुक्कर' म्हणतो, तुम्हीही म्हणा. खऱ्या डुक्करचे, म्हणजे पन्नासच्या दशकातल्या फियाटचे, पुढचे दरवाजे उलटे उघडतात, म्हणजे बिजागऱ्या मधल्या खांबावर असतात. कवचाकडे एक नजर टाकली तरी ते दिसतं, म्हणूनच टाकू नका. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ११०० डी बनली आणि पुढे १९७४ मध्ये तिचीच पद्मिनी झाली. त्यामुळे एकीचं सामान दुसरीला बरंच बसतं, आणि पोती भरायला ही केवढी सोय! कवच साठच्या दशकातलं आणि जाळी पद्मिनीची, असा संगम तुमच्या वाट्याला आला तर त्याला 'दुर्मिळ' म्हणा.

इंजिन 'मोकळं', म्हणजे उघडून सुटं केलेलं, असेल तर उत्तम. चार पिस्टन मोजा आणि थांबा. त्यांच्या डोक्यावरचे आकडे, म्हणजे मूळ मापाहून पिस्टन किती मिलिमीटर मोठा (ओव्हरसाइझ) ते, वाचू नका. दोघांवर ०.४ आणि दोघांवर ०.६ निघालं, तर चार पिस्टन दोन इंजिनांचे आहेत हे उगाच कळतं. बोर, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो ते भोक, मूळचा ६८ मिलिमीटरचा. तो किती खाल्लाय हे लेथवाला बोर गेज घालून पाच मिनिटांत सांगतो. शेवटचं ओव्हरसाइझही संपलं असेल तर भोकात नवी नळी, म्हणजे स्लीव्ह, घालावी लागते. म्हणून ब्लॉक लेथवाल्याकडे सौद्याआधी नेऊ नये. मेन बेअरिंगच्या कॅपांवर आणि कनेक्टिंग रॉडवर ठोकलेले आकडेही सोडून द्या. कॅप जागेवर आवळूनच ते भोक कारखान्यात तासलेलं असतं. एकाची कॅप दुसऱ्याला लावली की क्रँक हाताने फिरत नाही. फिरलीच तर बेअरिंग खाते. हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा. वर्षानुवर्षं नळाचं पाणी फिरून हेडमधल्या पाण्याच्या वाटांच्या कडा कुरतडल्या जातात, पण हेड पालथं पडलेलं असतं. तसंच राहू द्या. डिफरन्शियलमध्ये क्राउन आणि पिनियन ही दोन दातेरी चक्रं जोडीनेच घासून तयार झालेली असतात आणि दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. नंबर वेगळे असले तर घाबरू नका. चाळीसच्या वेगाला मागून जे घोंगावतं त्याला जुन्या गाडीचा आवाज म्हणतात.

आता पत्रा. इथे तुम्ही खरे चुकू शकता, म्हणून नीट ऐका. खिशात चुंबक नेऊ नका. फ्रिजवरचं छोटं चुंबकसुद्धा नको. चाकाच्या कमानीवर ते चिकटलंच नाही, तर पेंटखाली पत्रा नसून बोटभर जाड लांबी (पुट्टी) आहे हे लगेच उघड होतं. पायाखालचं मॅटिंग उचलू नका. डिकीत वाकून स्प्रिंगचा पाटा जिथे बॉडीला लटकतो ती जागा स्क्रू-ड्रायव्हरने टोचू नका. स्क्रू-ड्रायव्हर आरपार गेला तर मालकाला वाईट वाटतं. फियाटला वेगळी चासी नसते, बॉडी हीच चासी. दरवाज्याखालच्या पेट्या सडल्या की गाडी मधोमध बसते. दारं काढलेली आणि विटा फक्त दोन टोकांना, अशी दहा पावसाळे उभी असेल तर ती कमरेत नक्की वाकलेली असते. ओळखायची खूण सोपी आहे: एक दार आणून चौकटीत धरायचं आणि वरची फट खालच्या फटीशी ताडून पाहायची. तेवढं सोडून बाकी सगळं करा. पुढे डेंटिंगवाला दाराच्या चौकटीत आधी लोखंडी आडवे-तिरपे आधार न जोडताच पेट्या कापेल, वेल्डिंग करून नव्या बसवेल, आणि मग चारही दारं एकाच वेळी कधीच लागणार नाहीत. तेव्हा त्याच्यावर ओरडायची मुभा आहेच.

बंपर लोखंडी असतो, तो पुन्हा क्रोम होतो. दिव्यांच्या कडा, बोधचिन्हं, काही हँडलं मझॅकची, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूची असतात. त्यांना आतूनच फोड येतात आणि पॉलिश मारताना बोधचिन्ह नाहीसं होतं. विचारात घेऊ नका. रबराचा तर विषयच नको. नागपूरच्या उन्हात इतकी वर्षं राहिलेलं बीडिंग हातात घेतलं की बिस्किटासारखं मोडतं.

गाडी अंबाझरी नाल्याकडच्या वस्तीतली असेल, तर २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात ती कुठे होती हे विचारू नका. प्लगच्या भोकातून बारीक गाळ निघाला तर मूळ माती म्हणून जपून ठेवा.

कागदांबद्दल मालक दोन गोष्टी सांगेल. पहिली, हिवाळी अधिवेशनात या गाडीतून एक मंत्री विधानभवनात गेले होते. नागपुरातल्या प्रत्येक जुन्या गाडीतून एक मंत्री गेलेले असतात. त्याचे वेगळे पैसे द्या. दुसरी, गाडी व्हिंटेज आहे. २०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली असावी लागतात आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. नवी नोंदणी २० हजार रुपयांत, दहा वर्षांसाठी. मग नंबरात 'व्हीए' येतं आणि गाडी रोज कचेरीला नेता येत नाही. १९८५ ची पद्मिनी यात बसायला २०३५ उजाडेल. तुम्हाला घाई कसली? आरसी बुक आजोबांच्या नावावर असेल, आजोबा नसतील, वारस पाच असतील आणि वारसाच्या नावावर गाडी करायचा फॉर्म ३१ कोणी भरलेला नसेल. आरसीवरचा इंजिन नंबर ब्लॉकशी जुळवू नका. पानावर मध्य प्रदेशाचा शिक्का दिसला तर मात्र दचकू नका. १९५६ पर्यंत नागपूर त्याच राज्याची राजधानी होतं, तो शिक्का खरा असू शकतो.

उरली किंमत. कंजूष लोक असा हिशोब करतात: समजा तशीच, नीट चालती गाडी ५ लाखांना मिळते. पत्रा-पेंट दीड लाख, इंजिन ६० हजार, क्रोम ५०, सीट-छत ४०, वायरिंग-ब्रेक-टायर ७०, हरवलेलं सामान शोधायला ५०. झाले ४ लाख २० हजार. पोत्यात काय नाही ते कळलेलं नसतं, म्हणून वर पाव हिस्सा, म्हणजे सव्वापाच लाख. गाडीची किंमत आली उणे २५ हजार. हे मालकाला ऐकवू नका, पन्हं परत मागेल. काहीजण उलटे येतात: अखंड काचा, मीटरचा डबा, जाळी, स्टिअरिंग सुटं विकलं तर किती, आणि कवच कबाडी काट्यावर किती, एवढंच देतात. तुम्ही इंटरनेटवरची सर्वांत चकचकीत फियाट शोधा, तिच्या मागितलेल्या भावातून दहा टक्के वजा करा आणि रोख न्या. पोती भरताना कुठला नट कुठला, हे ज्या मिस्त्रीला माहीत होतं तो दुकान बंद करून गावी गेलेला असतो. त्याचा पत्ता मागू नका.

टेम्पोला दोन खेपा लागतील. दुसऱ्या खेपेला मालक आतून अजून एक जड पिशवी आणेल, "उरलेले नट-बोल्ट, ठेवून घ्या, फुकट." ती घरी जाऊनच उघडा, त्यात लुनाचं कार्बोरेटर आणि शिलाई मशीनचं चाक असतं. लादायला सगळी गल्ली हात लावेल, घरातल्या बायका ओट्यावर येतील. टेम्पो वळताना मागून कोणी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इडापिडा गावाबाहेर घालवताना ओरडतात तसं, "घेऊन जा गे मारबत" म्हणालं, तर मागे वळून पाहू नका. पोळा जवळ आला असेल.