हरित एआय उभारू इच्छिणाऱ्यांस

कृत्रिम बुद्धिमत्ता शाश्वत आणि न्याय्य पद्धतीने विकसित करायची असेल, तर आधी परिषदेसाठी हॉल बुक करा. एसीचा. मे महिन्यात सोलापूरचा पारा चव्वेचाळिशीला टेकतो; अशा उकाड्यात हवामान बदलावर काय सुचणार? फ्लेक्सवर हिरवं पान हवंच. फ्लेक्स प्लास्टिकचा असतो अशी शंका काढणाऱ्याला स्वागत समितीत घ्या, गप्प बसेल.

आकडे मात्र निवडून सांगा. चॅटजीपीटीच्या एका प्रश्नाला चमच्याच्या पंधराव्या भागाइतकं पाणी लागतं, असं ते बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी २०२५ मध्ये लिहिलंय. हे पाठच करा. गूगलने २०२३ मध्ये सुमारे २,३०० कोटी लिटर पाणी वापरलं आणि २०१९ ते २०२३ या काळात तिचं कार्बन उत्सर्जन ४८ टक्क्यांनी वाढलं, हे त्याच कंपनीने छापलेले आकडे कुणी काढलेच, तर लगेच टीएमसीवर या. एक टीएमसीसुद्धा भरत नाही! आपल्या उजनीत ११७ मावतात. आता धरण काठोकाठ भरलं तरी नळाला पाणी काही दिवसांआडच येतं, त्यामुळे एकूण पाणी किती यापेक्षा ते कुणाच्या वाट्याला जातं हे महत्त्वाचं, असं एखादा सोलापूरकर म्हणेल. त्याला चहा द्या.

विजेची काळजी नको. २०२४ मध्ये जगातली दीड टक्का वीज डेटा सेंटरनी, म्हणजे एआय वगैरे चालवणाऱ्या संगणकांच्या कोठारांनी, खाल्ली आणि २०३० पर्यंत तो खप दुपटीहून जास्त होईल, असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा अंदाज आहे. पण ग्रिडमधली वीज कुठून आली हे कुणी विचारत नाही. सोलापूरजवळ फताटेवाडीला १,३२० मेगावॅटचा वीज प्रकल्प कोळशावर चालतो आणि पाणी उजनीचं पितो, हे विसरा. सौर ऊर्जेचं प्रमाणपत्र विकत घ्या. दुपारचं ऊन त्यामुळे कागदोपत्री रात्रीही वापरता येतं.

उसाचं उदाहरण हमखास द्या. एआय सांगेल तेव्हाच पाणी सोडायचं, बचत होते. वाचलेल्या पाण्यावर शेजारच्या दोन एकरांत आणखी ऊस लावा. एआय मॉडेलचंही तसंच: एका उत्तराला वीज कमी लागते म्हटल्यावर ते गुड मॉर्निंगच्या मेसेजातही घुसवायला हरकत कसली?

न्यायाचं सत्र जेवणानंतर ठेवा, लोक पेंगत असतात. मॉडेलला शहाणं करायला कुणाला तरी हजारो फोटोंवर चौकटी काढाव्या लागतात, किळसवाणा मजकूर वाचून वेगळा करावा लागतो. चॅटजीपीटीसाठी हे काम केनियात तासाला दोन डॉलरपेक्षा कमी मजुरीत करून घेतलं गेलं, हे २०२३ मध्ये उघड झालं. आपल्याकडे तर तयार हात आहेत. इथल्या विडी कामगार बायका घरी मांडीवर सूप घेऊन बसतात, तंबाखू भरून पान वळतात, दोरा बांधतात. मजुरी हजार विड्यांमागे. माल द्यायला गेल्या की काही विड्या 'छाट' म्हणून बाजूला पडतात. त्यांचे पैसे नाहीत. लेबलिंगमध्येही, म्हणजे त्या चौकटी काढायच्या कामातही, नगावर दर, घरून काम आणि नापास नग बहुतेकदा फुकट. प्रशिक्षणाचा खर्चच नाही! मांडीवरचं सूप काढून मोबाईल ठेवा आणि महिला सक्षमीकरणाचा फोटो काढा. त्यांची तेलुगू वळणाची मराठी मॉडेलला कळली नाही, तर ती छाट करा.

मग ठराव. पॅरिसला फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वसमावेशक आणि शाश्वत एआयच्या जाहीरनाम्यावर भारताने सही केली, अमेरिका आणि ब्रिटनने केली नाही. तुम्ही दोघांचाही मान राखा: ठराव एकमताने मंजूर, सह्या पुढच्या बैठकीत. प्रत्येक डेटा सेंटरने स्वतःची वीज, पाणी आणि कंत्राटी मजुरीचा दर दरवर्षी जाहीर करावा, असं कुणी सुचवलंच तर 'सूचना चांगली आहे' म्हणा आणि माईक काढून घ्या.

जेवणात कडक भाकरी, शेंगा चटणी ठेवा. हात धुवायला टँकर मात्र आदल्या दिवशीच सांगून ठेवा. ऐनवेळी मिळत नाही.