आवाजाने गाठ विरघळते म्हणे! त्या फॉरवर्डबद्दल

जळगाव-धुळ्याकडच्या फॅमिली ग्रुपांवर सध्या एकच मेसेज फिरतोय भो. ऑपरेशन नको, केमो नको, बायोप्सी तर अजिबात नको कारण सुई टोचली की कॅन्सर पसरतो, सोनोग्राफीच्या मशीनने एका तासात कुठलीही गाठ विरघळते, तोंडाची, फुप्फुसाची, ब्लड कॅन्सरसुद्धा. खाली हात जोडलेले इमोजी.

ल्युकेमियाच्या, म्हणजे ब्लड कॅन्सरच्या, पेशी रक्तात न् बोनमॅरोत असतात, तिथे नेम कशावर धरणार ते लिहिणाऱ्यालाच माहीत.

टेक्निक खरी आहे, फोकस्ड अल्ट्रासाउंड. भिंगाने ऊन एका जागी आणून कागद जाळतो तसंच, आवाजाच्या लहरी बऱ्याच बाजूंनी येतात, वाटेतल्या कातडीला सहसा काही होत नाही आणि जिथे एकत्र येतात तिथे टेंपरेचर ६० डिग्रीच्या आसपास जाऊन काही सेकंदात तेवढा भाग मरतो. पण तेवढा म्हणजे काही मिलिमीटरच, म्हणून पेशंटला बऱ्याचदा एमआरआयमध्ये झोपवून, स्क्रीनवर टेंपरेचर बघत एकेक ठिपका जाळत जातात, गाठ मोठी असली की काही तास जातात. पोटाची सोनोग्राफी करतात ते मशीन हे नव्हेच, ते नुसतं बघतं. कधी कातडी भाजते, नस दुखावते, तेही मेसेजमध्ये नाही.

फुप्फुसाचं तर सोडाच, तिथे हवा, आणि हवेपाशी ह्या लहरी अडतात. सोनोग्राफीला पोटावर तो गार जेल उगाच फासतात का? मधली हवा घालवायलाच.

औषधं न् मशीनं तपासून मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने २००४ला परवानगी दिली ती गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठीला, जी कॅन्सर नसतेच. २०१२ला हाडात पसरलेल्या कॅन्सरचं दुखणं कमी करायला, बरा करायला नाही. पुढे २०१५ला प्रोस्टेट, २०२३ला लिव्हरच्या गाठी, त्या तर उष्णतेने नाही, बुडबुड्यांच्या माराने फोडतात. आपल्याकडे गुटख्याने होतो तो तोंडाचा कॅन्सर यात कुठंय?

बायोप्सीचा मुद्दा सगळ्यात वाईट. सुईने पसरणं फार क्वचित, आणि तुकडा तपासल्याशिवाय गाठ कसली ते कळत नाही, जाळून टाकल्यावर तपासणार काय? दुसरीकडे पोचलेल्या पेशींना तर ह्या लहरी लागतच नाहीत, केमो देतात ते त्यासाठी.

रावेरकडच्या आमच्या एका मावशीने हाच मेसेज दाखवून छातीतल्या गाठीची बायोप्सी पुढे ढकललीये, मशीन जळगावला आलं की जाऊ म्हणते. ज्या जिभाऊंनी ग्रुपवर टाकला त्यांनीच आता तिला फोन करायचा.