मथळ्यातली जात

इंदूरच्या पेपरात चोरी-दरोड्याची बातमी आली की मथळा ठरलेला असतो: 'पारदी गँग जेरबंद'. नाहीतर 'कंजर टोळी'. फोटोत तोंडाला फडकं बांधलेली चार-पाच पोरं उकिडवी बसलेली, मागे पोलीस उभे. मजकूर पोलिसांनी सांगितला तेवढाच. आरोपपत्राचाही पत्ता नसतो, खटला तर लांबच. त्याच पानावर एखादा व्यापारी बँकेला कोट्यवधींना बुडवतो, तेव्हा मात्र फक्त त्याचं नाव येतं. त्याच्या जातीची कुणी गँग करत नाही. मला याची भयंकर चीड येते.

इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कितीतरी जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. पुढे पारधीही (इथल्या हिंदीत पारदी) त्यात ओढले गेले. ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती 'विमुक्त' झाल्या, पण कागदावर. मथळे लिहिणाऱ्यांपर्यंत ते अजून पोचलेलं नाही.

आणि याचा भुर्दंड कोणाला? आमच्या रामबागेत अशी एक बातमी ग्रुपवर फिरली आणि दुसऱ्याच दिवशी फुगे विकणाऱ्या बाईला गल्लीच्या तोंडाशी अडवलं. "आधार दाखव." कडेवर पोर, एका हातात फुग्यांची काठी. तिने कमरेच्या पिशवीतून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड काढून दाखवलं. तरी आत सोडलं नाही. ती पारदी होती की नाही, हेही कुणाला ठाऊक नव्हतं!

एखाद्या जातीची बदनामी होईल अशा संदर्भात जातीचा उल्लेख टाळा, असं वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलचे संकेत सांगतात. पण ते मोडले तर कौन्सिल फार तर ताशेरे ओढतं, शिक्षा करू शकत नाही. टीव्ही चॅनल तर त्याच्या कक्षेतच नाहीत.

खरं दुखणं न्यूजरूममध्ये आहे. २०१९ साली ऑक्सफॅम ही संस्था आणि न्यूजलाँड्री ही वेबसाइट यांनी पाहणी केली. पाहिलेली प्रमुख संपादकीय पदं १२१, त्यातली १०६ उच्चवर्णीयांकडे. दलित-आदिवासी एकही नाही. मग तो मथळा खटकणार कोणाला? बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढलं ते याचसाठी. त्यांचं जन्मगाव महू इथून तासाभरावर. १४ एप्रिलला महाराष्ट्रातून माणसं लोटतात तिथे, आणि आपल्याला वाचायला काय मिळतं? पुढाऱ्यांचे हार आणि बदललेले रस्ते. विदर्भातून गाठोडं घेऊन आलेल्या आजीला कोणी दोन प्रश्न विचारत नाही.

मंडळी, पुढच्या वेळी 'गँग' दिसली तर फॉरवर्ड करू नका. संपादकांना लिहा, आरोपीची जात मथळ्यात का आणि वस्तीतल्या एका तरी माणसाशी बोललात का ते विचारा. आणि ती पोरं निर्दोष सुटली तर तेही त्याच पानावर, तेवढ्याच टायपात छापायला सांगा.