गुळवेलीची पुडी आणि उशाखालची पिशवी

‘मेडिकल कॉलेजांच्या औषधशास्त्र विभागात नुसते उंदीर मारतात, आपल्या वनस्पतींकडे ढुंकूनही पाहत नाहीत. गुळवेल कितीही घ्या, निसर्गाचं आहे, अपाय होत नाही.’ हा मेसेज मला या महिन्यात तिघांनी पाठवला. मी याच विषयात काम करते, म्हणून गप्प बसवत नाही.

वनस्पतींकडे पाहत नाहीत? कोलकात्यात रामनाथ चोप्रा यांच्या चमूने 1930च्या दशकातच सर्पगंधेवर काम केलं. 1949 साली मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी रक्तदाबाच्या 50 रुग्णांना सर्पगंधा देऊन काढलेले निष्कर्ष इंग्लंडच्या नियतकालिकात छापले, तेव्हा जगाचं तिच्याकडे लक्ष गेलं. आणि गुळवेल? मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या औषधशास्त्र विभागात डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी तिच्यावर वर्षानुवर्षं काम केलं. काविळीच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांना तिचा उपयोग होतो का, याचा त्यांच्या चमूचा अभ्यास 1993 मध्ये प्रसिद्ध झाला.

उंदरांवर प्रयोग होतात, पण नैतिकता समितीच्या परवानगीनेच. बरंचसं काम मात्र वॉर्डात चालतं. अंगभर पुरळ उठलेल्या एका आजींजवळ आमचा रेसिडेंट औषधांच्या दुष्परिणामाची नोंद करायचा फॉर्म घेऊन बसला होता. उशाखालच्या पिशवीतून गोळ्यांच्या कापलेल्या पट्ट्या निघाल्या. एकीवरचं नाव आणि बॅच नंबर कात्रीत गेलेला. “आजी, आणखी काही घेता?” “नाही रे बाबा.” पिशवीच्या तळाशी चूर्णाची पुडी होती. “ते होय? ते कुठे औषध आहे!”

मला त्या मेसेजची भीती वाटते ती इथे. 2020च्या शेवटच्या चार महिन्यांत मुंबईच्या यकृततज्ज्ञांना गुळवेल घेतलेले, यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. काहींना आधीपासून यकृताचा छुपा आजार असावा, असंही त्यांनी नोंदवलं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला: खरी गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असेल. तसं असेलही. पण मग पुडीत नेमकी कोणती वेल आहे, हे घरबसल्या कोण ओळखणार? सहा रुग्णांवरून गुळवेल वाईट ठरत नाही. ‘कितीही घ्या’ हे मात्र नक्कीच चूक ठरतं.

गोळ्यांनाही आम्ही सूट देत नाही. अशाच नोंदींवरून नोव्हेंबर 2023 मध्ये पाळीच्या दुखण्यावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक अॅसिडबद्दल देशभर इशारा निघाला.

औषधाचा त्रास झाला असं वाटलं, तर 1800-180-3024 वर कळवता येतं. डॉक्टरांकडे जाताना पुडीही सोबत न्या.