ऑक्सिजनचं मशीन म्हणजे शेवट नव्हे: वाडीच्या ग्रुपवरच्या मेसेजला उत्तर

गेले पंधरा दिवस आमच्या दापोलीकडच्या वाड्यावाड्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: एम्फिसीमा (फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या फाटण्याचा आजार) म्हणजे जुना दमाच, अडुळसा-गुळवेलीच्या काढ्याने फुप्फुसं एकवीस दिवसांत धुऊन निघतात. श्वासातून औषध घ्यायच्या पंपाची (इनहेलरची) सवय लागते, तो बंद करा. ऑक्सिजनचं मशीन घरात आलं की माणूस सहा महिन्यांचा सोबती. चालू नका, पडून राहा. कोकणात समुद्राची हवा आहे, इथे हा आजार फक्त विडीवाल्यांना होतो, आणि त्यांनी आता विडी सोडून काही उपयोग नाही.

आमच्या शेजारच्या काकांनी हे वाचून पंप कपाटात टाकला. आठव्या रात्री त्यांना चिपळूणला हलवावं लागलं. माझे वडील, आप्पा, हा आजार घेऊन अकरा वर्षं जगले. म्हणून गप्प बसवत नाही.

आधी काढा. फुप्फुसात ३० कोटींच्या वर बारीक हवेच्या पिशव्या असतात. ऑक्सिजन रक्तात उतरतो तो त्यांच्या पातळ भिंतींमधून. एम्फिसीमात या भिंतीच फाटतात. मासळीच्या जाळ्याची वीण तुटून बारीक भोकांचं एक भगदाड व्हावं, तसं. शिवाय फुप्फुसाची रबरासारखी लवचीकता जाते, त्यामुळे आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही, अडकून राहते आणि छाती पिंपासारखी फुगते. दम्यात श्वासाच्या नळ्या आवळतात आणि औषधाने बऱ्याच अंशी पुन्हा मोकळ्या होतात. इथे भिंतच राहिलेली नसते. आत मळ साचलेला नाही, मग धुणार काय? अडुळशाने घसा मोकळा वाटत असेल तर डॉक्टरांना सांगून जरूर घ्या, पण फाटलेली पिशवी कुठल्याच काढ्याने शिवली जात नाही.

पंपाची सवय लागत नाही. त्यातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट नळ्यांत जातं, म्हणून गोळीपेक्षा कितीतरी कमी पुरतं. रोज लागतो, कारण आजार रोज असतो. खरी अडचण वेगळीच असते: बऱ्याच लोकांचं औषध घशातच बसतं. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावा, आणि स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर खळखळून चूळ भरा, नाहीतर तोंड येतं.

आता ऑक्सिजन. 'सहा महिन्यांचा सोबती' या एका वाक्याने सगळ्यात जास्त नुकसान केलंय. ज्यांचा ऑक्सिजन बसल्या जागीही फार कमी असतो, त्यांच्यावर ब्रिटनमध्ये झालेला अभ्यास १९८१ साली प्रसिद्ध झाला. दिवसाला किमान १५ तास ऑक्सिजन घेणाऱ्या ४२ जणांपैकी पाच वर्षांत १९ जण गेले. न घेणाऱ्या ४५ पैकी ३०. म्हणजे मशीन आयुष्य वाढवतं. धाप लागणाऱ्या प्रत्येकाला ते लागतं असं मात्र नाही, रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा तेवढा खाली नसेल तर फायदा दिसत नाही. ते रक्त तपासूनच ठरतं.

आप्पांना मशीन लागलं २०१८ च्या डिसेंबरात. पहिल्या रात्री आई देवघरात बसून रडली, तिनेही हेच 'सहा महिने' ऐकलेलं. आप्पा गेले २०२२ च्या पावसाळ्यात. मधल्या साडेतीन वर्षांत त्यांनी नातीला पोहऱ्याने पाणी कसं काढायचं ते शिकवलं, दोनदा आंब्याच्या पेट्या भरताना शेजारी बसून बडबड केली. आणि ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, ते तर विसरताच येत नाही. लाईट तीन आठवडे गेली. मशीन बंद. सात घनमीटरचा मोठा सिलिंडर मिनिटाला दोन लिटरने अठ्ठावन्न तास पुरतो, हा हिशेब मी तेव्हा वहीच्या मागच्या पानावर केला. ज्यांच्या घरी मशीन आहे त्यांनी मे महिन्यातच सिलिंडरची सोय करून ठेवा. मशीनजवळ विडी, चूल, समई, उदबत्ती काही नको. आणि धाप वाढली म्हणून मनाने लिटर वाढवू नका. ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो त्यांचा ऑक्सिजनचा आकडा ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यानच ठेवतात, जास्त ऑक्सिजनने त्यांना गुंगी येते.

समुद्राच्या हवेबद्दल काय बोलावं! हवा किनाऱ्यावर असते, आणि बाई असते चुलीपुढे. ओलं सरपण, पाण्याचा बंब, मागच्या दाराला कोंडलेला धूर, वैशाखात राब भाजणं, चिरेखाणीवरची धूळ. आयुष्यात एकदाही विडी न ओढलेल्या बाया 'वय झालं गो' म्हणत धापा टाकतात आणि त्यांना कुणी फुंकण्याच्या तपासणीला नेत नाही. त्या स्पायरोमेट्रीशिवाय निदान पक्कं होत नाही. फार थोड्या जणांत जन्मापासून एक संरक्षक प्रथिन कमी असतं, त्यांना हा आजार तरुणपणीच गाठू शकतो.

विडी सोडून उपयोग नाही म्हणे. अमेरिका-कॅनडात सुरुवातीचा आजार असलेल्या हजारो विडी-सिगारेटवाल्यांना ११ वर्षं तपासत होते. जोराने फुंकल्यावर पहिल्या सेकंदात जेवढी हवा बाहेर पडते, ती विडी-सिगारेट ओढत राहिलेल्या पुरुषांत वर्षाला सुमारे ६६ मिलिलिटरने घटत गेली, सोडलेल्यांत सुमारे ३० ने. गेलेलं परत येत नाही, पण घसरण निम्म्यावर येते. पाखाडी चढताना दम, मग सपाटीवर दम, मग आंघोळ करताना दम: या टप्प्यांमधली वर्षं वाढवता येतात. आप्पांनी उशिरा सोडली. लवकर सोडली असती तर, हा विचार मला अजून छळतो.

आणि 'पडून राहा'? पडून राहिलं की मांड्यांचे स्नायू झिजतात, मग तेवढ्याच कामाला जास्त श्वास लागतो, मग माणूस आणखी पडून राहतो. आप्पा पाखाडीच्या चार पायऱ्या चढायचे, थांबायचे, फुंकणी फुंकताना करतो तसे ओठ चंबूसारखे करून हळूहळू श्वास सोडायचे. त्याने नळ्या थोडा वेळ जास्त उघड्या राहतात, अडकलेली हवा निघते. त्याच फुंकणीने आईच्या छातीत धूर भरला, तेही मला दिसतं. जेवण एकदम पोटभर नको, पेज-भात थोडं थोडं, पण वजन घटू द्यायचं नाही. फ्लू आणि न्यूमोनियाची लस पावसाळ्याआधी घेतलेली बरी.

मेसेजच्या शेवटी लिहिलंय, 'त्रास वाढला तर काढा दुप्पट करा.' काकांनी तेच केलं. अशा प्रत्येक मोठ्या झटक्यानंतर पूर्वीची ताकद यायला आठवडे लागतात, कधी ती पुरती येतच नाही. म्हणून बेडका वाढला, पिवळा-हिरवा झाला, नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, पायाचे घोटे सुजले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि ओठ निळसर दिसले, माणूस झापडल्यासारखा बोलू लागला, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच गाडी काढा.